सीताफळाला फुलं ढीगभर, फळ मात्र एकही धरेना

जुळेसोलापूरकर · ९ मे, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. आमच्या अंगणात सीताफळाचं झाड आहे, सहा वर्षांचं. माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. ते बार्शीकडून रोप घेऊन आले होते आणि खड्डा स्वतः खणला होता, कुणाला हात लावू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय, दोन मजली घराच्या खिडकीतून शेंडा दिसतो एवढं वाढलंय, पान हिरवंगार, फुलं तर विचारू नका, फांदीफांदीला लटकतात. पण फळ नाही. एकही नाही. गेल्या वर्षी तीन-चार सुपारीएवढी धरली होती, ती काळी पडून झाडावरच वाळली. यंदा एप्रिलपासून फुलं येतायत आणि सकाळी झाडायला गेलं की सगळी खाली पडलेली असतात, सुपलीभर निघतात.

पाणी रोज देते, बोअरचं. शेणखत दरवर्षी घालते. शेजारच्या काकू म्हणतात झाड वांझ आहे, तोडून टाका आणि आंबा लावा. मला तोडायचं नाहीये. काय चुकतंय तेवढं सांगा.

शेळगीचापेरू · ९ मे, रात्री १०.३५

तोडू नका ताई!! सहा वर्षांचं झाड आहे. आमच्या पेरूलाही असंच झालं होतं, मग खत वाढवलं आणि लागला. युरिया घालून बघा मूठभर.

माळरान · ९ मे, रात्री ११.०५

युरिया अजिबात घालू नका. पान हिरवंगार आहे असं ताईच सांगतायत, त्यात अजून नत्र दिलं तर पालाच वाढणार.

मी बार्शी तालुक्यातला, आमची चार एकर सीताफळ आहे. ताई, दोन-तीन गोष्टी विचारतो मग नीट लिहितो. एक, रोप कलमी होतं का बियांचं? दुसरं, हिवाळ्यात झाड पानं टाकतं का? तिसरं, छाटणी कधी केली होती? आणि जमीन कसली, काळी का मुरूम?

जुळेसोलापूरकर · १० मे, सकाळी ७.२०

दादा, कलमी म्हणून आणलं होतं पण मला नक्की सांगता येणार नाही. खोडाला खाली कुठं जोड दिसत नाही. छाटणी कधीच केली नाही, हात लावायचा धीर होत नाही. जमीन काळी आहे पण सासऱ्यांनी खड्ड्यात दोन-तीन पाट्या मुरूम टाकला होता हे आठवतंय. पानं हिवाळ्यात पिवळी पडायला लागली की मी घाबरून पाणी वाढवते, त्यामुळं पूर्ण कधी गळत नाहीत.

माळरान · १० मे, दुपारी १.४०

इथंच चूक आहे ताई, आणि ती चूक मायेपोटी झालीय त्यामुळं वाईट वाटून घेऊ नका.

सीताफळ हे माळरानाचं झाड आहे. बालाघाटच्या डोंगरात कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, दगडातून उगवलेलं असतं आणि तरी लगडतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ते तसल्याच जमिनीतल्या फळाला. या झाडाला झोप लागते. थंडीच्या शेवटी ते पानं टाकतं आणि दीड-दोन महिने गप्प उभं राहतं. तुम्ही पाणी वाढवून त्याला झोपूच देत नाही.

आता हे का महत्त्वाचं ते सांगतो. एक पान धरून देठापाशी नीट बघा. देठाचा बुडखा फांदीला टोपीसारखा बसलेला असतो, आणि पुढचा डोळा त्या टोपीच्या आत लपलेला असतो. बाहेरून दिसतच नाही. पान गळलं की मगच तो डोळा उघडा पडतो आणि फुटतो. नवी फूट आली की तिच्यासोबत फुलं. म्हणून आम्ही छाटणी करून उरलेली पानं हातानं ओरबाडतो, त्याला पानगळ करणं म्हणतो. ज्या झाडाची पानं पडत नाहीत ते जुन्याच फांद्यांवर थोडंथोडं फुलत राहतं, जोर नसतो.

रोपाचं म्हणाल तर कलमाला खोडाच्या बुडाशी वीतभर उंचीवर गाठ किंवा वेगळी साल दिसते. नाही दिसत म्हणजे बियांचं असावं. तरी हरकत नाही, बियांचं सीताफळ आंब्यासारखं दहा वर्षं थांबत नाही, तीन-चार वर्षांत येतं. तुमचं सहा वर्षांचं आहे म्हणजे वयाचा प्रश्न नाही.

जुळेसोलापूरकर · १० मे, दुपारी २.०५

आत्ता जाऊन एक पान तोडून बघितलं. खरंच! देठाच्या खाली बारीक केसाळ हिरवा ठिपका आहे. सहा वर्षांत कधी दिसला नव्हता.

रोपाचं कळल्यावर थोडं वाईट वाटलं. नर्सरीवाल्यानं सासऱ्यांकडून कलमाचे पैसे घेतले होते.

पूर्वभाग · १० मे, रात्री ९.५०

अक्का, नर्सरीचं असंच असतंय बघा, आमाला बी एकानं बियांचं रोप गोल्डन जातीचं म्हणून दिलं. जाऊ द्या. माळरान अण्णानी सांगितलं ते बरोबर हाय, पण माझं म्हणणं वेगळं हाय. माझं झाड दाजी पेठेत आहे, मागच्या बोळात, तीन बाजूला भिंत. पानं गळतेत, छाटणी करतो, तरी दोन वर्षं फळ नव्हतं. मग मी फुलं हातानं लावायला चालू केलं. गेल्या साली एका झाडाला एकतीस फळं मोजून घेतली. घरात आजी होती तवा म्हणायची सीताफलमला जंगलातला किडा लागतोय, शहरात तो किडा कुठनं येणार. तिचं खरं निघालं.

जुळेसोलापूरकर · १० मे, रात्री १०.१५

हातानं लावायचं म्हणजे? मधमाश्या येतात की आमच्याकडं, तुळशीवर तर भरपूर असतात.

निंबोळी · १० मे, रात्री ११.३०

मी कृषी पदवीधर आहे, सध्या घरचीच शेती बघते. पूर्वभाग दादांच्या आजीचं शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीताफळाच्या फुलावर मधमाशी जवळजवळ बसतच नाही. फूल खाली तोंड करून लटकतं, पाकळ्या तीन, जाड, मांसल, हिरवट, आणि पूर्ण उमलेपर्यंत चिकटून बसलेल्या. आत शिरतात ते बारीक भुंगेरे, तांदळाच्या कणीएवढे, पिकून आंबलेल्या फळाचा वास त्यांना आवडतो. डोंगरात खाली कुजकी फळं, पालापाचोळा, ओल असते म्हणून ते तिथं वाढतात. सिमेंटच्या अंगणात रोज झाडून काढलं की त्यांना राहायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट फुलाची. एकाच फुलात मादीचा भाग आणि नराचा भाग दोन्ही असतात पण दोघं एका वेळी जागे नसतात. आधी मादी जागी होते. त्या वेळी पाकळ्यांची टोकं नुसती सुटलेली असतात, आत बघितलं तर मधोमध छोटा शंकू दिसतो आणि तो ओलसर चकाकतो. त्याच्याभोवती पुंकेसर दाटीवाटीनं, पांढरट, घट्ट बसलेले असतात, परागकण अजून सुटलेले नसतात. नंतर पाकळ्या फाकतात, शंकू कोरडा पडतो आणि तेव्हा पुंकेसर सुटे होऊन भुकटी पडते. म्हणजे फूल स्वतःचं स्वतःला उपयोगी पडत नाही. एका फुलाची भुकटी दुसऱ्या, आधीच्या अवस्थेतल्या फुलावर जायला हवी. किडा नसेल तर कोण नेणार?

आणि तिसरी, जी सोलापुरात सगळ्यात जास्त नडते. तो ओलसर शंकू ओलसर राहायला हवेत दमटपणा लागतो. आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री आणि कोरडा वारा, शंकू काही तासांत सुकतो. म्हणून एप्रिल-मेचं फूल बहुतेक गळतंच, शेतातसुद्धा गळतं. जूनमध्ये पाऊस पडला, हवा बदलली की तेच झाड फळ धरायला लागतं. ताई, तुमची सुपलीभर फुलं गळतायत त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

माळरान · ११ मे, सकाळी ६.१५

निंबोळी ताईंनी बरोबर लिहिलंय. आमच्याकडं बांधावर झाडं, पाचट, कुजकी फळं असतात म्हणून किडा मिळतो, म्हणून आम्हाला ब्रश घेऊन फिरावं लागत नाही. घरच्या एका झाडाला मात्र हातानं लावणं हाच उपाय.

ताई, आता वेळ हातात आहे. असं करा. या आठवड्यात हलकी छाटणी घ्या. वाळकी फांदी, आत घुसणारी फांदी, एकमेकीला घासणारी फांदी काढा, राहिलेल्या फांद्यांचे शेंडे पेन्सिलीएवढ्या जाडीपाशी कापा. चांगल्या धारेची कात्री घ्या, साल सोलपटू देऊ नका. मग उरलेली पानं हातानं काढा, खालून वर ओढू नका, डोळा निघतो, वरून खाली हलका दाब द्या म्हणजे पान देठासकट सुटतं. कापलेल्या जाड जागी बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) पेस्ट लावा. दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड, खोडाला चिकटवून नाही, फांद्यांची सावली जिथं पडते त्या गोलात. पाणी पण तिथंच. मुळ्या तिथं असतात. आणि गेल्या वर्षीची काळी वाळकी फळं अजून लटकत असतील तर सगळी काढून जाळा, त्यात बुरशी राहते.

कडकभाकरी · ११ मे, सकाळी ९.००

मे महिन्यात सगळी पानं काढायची? ऐन उन्हात? सोलापूरच्या उन्हात खोड भाजेल हो. माझं वय सत्तर आहे, मी असं कधी ऐकलं नाही. आम्ही जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की सीताफळाचं पाणी तोडायचो, फाल्गुनापर्यंत झाड आपोआप उघडं व्हायचं, मग पाडव्याला पाणी सोडायचो. एवढंच.

माळरान · ११ मे, दुपारी १२.३०

काका, तुमची पद्धत पुढच्या वर्षीपासून सगळ्यात उत्तम आहे, ताईंनी तीच धरावी. जानेवारीत पाणी तोडलं की माणसाला काही करावंच लागत नाही. यंदा ती वेळ गेली म्हणून आता करायचं. खोड भाजण्याचं तुम्ही बरोबर बोललात, त्यासाठी खोडाला आणि जाड फांद्यांना चुन्याचा हात द्यायचा, पश्चिमेकडून हिरवी नेट बांधली तर अजून चांगलं. सगळी पानं नको वाटत असतील तर शेंड्याकडची ठेवा.

गच्चीतलीबाग · ११ मे, रात्री ८.४५

मध्येच विचारते, ड्रममध्ये हे होईल का? माझ्याकडं जमीन नाही, विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात दीड वर्षाचं रोप आहे. पानांच्या कडा करपायलीत.

निंबोळी · ११ मे, रात्री १०.००

होतं ताई, सीताफळ मुळात लहान चणीचं झाड, कुंडीला चालतं. कडा करपतायत त्याची दोन कारणं असू शकतात. एक बोअरचं पाणी. मातीवर पांढरा थर जमलाय का बघा, तो क्षार. महिन्यातून एकदा पावसाचं किंवा नळाचं पाणी भरपूर घालून खालून वाहू द्या म्हणजे क्षार धुऊन जातात, त्यासाठी ड्रमला खाली सहा-सात भोकं हवीत आणि ड्रम विटांवर उचललेला हवा. दुसरं, स्लॅब तापतो आणि मुळ्या उकडतात. ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळा, वरून कडब्याची कुट्टी किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड टाका. निव्वळ काळी माती भरली असेल तर मात्र पावसाळ्यात बुडेल, ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगा पडून मुळ्या तुटतात. काळी एक वाटा, मुरूम-वाळू एक वाटा, शेणखत एक वाटा.

गच्चीतलीबाग · ११ मे, रात्री १०.२०

पांढरा थर आहे!! आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हो आमच्याकडं, झाडाला कुठनं घालू. पावसात धुवून काढीन.

जुळेसोलापूरकर · १८ मे, संध्याकाळी ७.३०

केलं. काल आणि आज, दोन दिवस लागले. नवऱ्यानं फांद्या कापल्या, पानं मी काढली. झाड असं उघडं बघून सासूबाई गप्पच झाल्या, जेवणाच्या वेळेला म्हणाल्या, त्यांच्या हातचं होतं गं. मी धागा वाचून दाखवला त्यांना, देठाखालच्या डोळ्याचं सगळं. मग त्या स्वतः उठून चुना कालवून द्यायला आल्या.

माळरान · १८ मे, रात्री ९.००

आठ दिवसांआड पाणी चालू ठेवा, भरपूर द्या पण रोज नको. तीन आठवड्यांत फूट दिसेल.

जुळेसोलापूरकर · ११ जून, सकाळी ८.१०

फुटलं!!! प्रत्येक डोळ्यातून पोपटी फूट आणि फुटीच्या बुडाशी कळ्या, एकेका जागी दोन-तीन. परवा रात्री चांगला पाऊस झाला. आता सांगा ब्रशचं.

पूर्वभाग · ११ जून, रात्री ९.३०

अक्का नीट ऐका, मी कसं करतो ते सांगतो. साहित्य म्हणजे पोरांचा रंगाचा ब्रश, दोन नंबरचा, नवा. रंग लागलेला नको. आणि हळदी-कुंकवाची रिकामी डबी, कोरडी.

संध्याकाळी सहा-साडेसहाला झाडापाशी जायचं आणि ज्या फुलाच्या पाकळ्या पार फाकायला आल्यात ती दहा-बारा फुलं तोडायची. पाकळ्या काढून टाकायच्या, मधला भाग कागदावर पसरून घरात ठेवायचा, पंख्याखाली नको. सकाळी उठून बघितलं की केसर सुटे झालेले असतेत, डबीत घालून हलवलं की पिवळट पांढरी भुकटी तळाला बसते. ती भुकटी म्हणजे सोनं. ऊन चढलं की मरते, म्हणून सकाळी सहा ते आठ, बस.

मग अर्धवट उघडलेलं फूल शोधायचं. दोन बोटांनी एक पाकळी हळूच बाजूला करायची, तुटली तरी चालतंय. आत चकाकणारा शंकू दिसला की ब्रश भुकटीत बुडवून शंकूवर गोल फिरवायचा, सगळीकडनं. एका बाजूनं लावला तर फळ वाकडं येतंय. माझी पैली पाच फळं अशीच वाकडी, एका अंगाला पोट आणि दुसरीकडनं चपटी.

निंबोळी · ११ जून, रात्री १०.४०

वाकड्या फळाचं कारण पण सांगते, कारण ते कळलं की हात आपोआप नीट चालतो. त्या शंकूवर बारीक बारीक अनेक टोकं असतात, प्रत्येक टोक वेगळं. ज्या टोकाला पराग मिळतो तिथं एक बी आणि एक पाकळी गर तयार होतो, वरून दिसतो तो एक डोळा. ज्याला मिळत नाही ते वाढत नाही, फळ तिथं बसकं राहतं. सीताफळ म्हणजे एका फुलातली कितीतरी लहान फळं एकत्र चिकटलेली. आणि खूपच कमी टोकांना पराग मिळाला तर झाड ते फळ गाळून टाकतं.

फांदीच्या टोकाच्या बारीक काड्यांवरची फुलं सोडून द्या, आतल्या जाड फांद्यांवरची निवडा, त्या वजन पेलतात. पहिल्या वर्षी पंचवीस-तीस फळांवर जाऊ नका.

जुळेसोलापूरकर · १९ जून, सकाळी ९.१५

तीन दिवस करतेय. पहिल्या दिवशी काहीच ओळखता येईना, सगळी फुलं सारखी. मग एक फूल तोडून सासूबाईंच्या चष्म्याखाली धरून बघितलं. पाकळीच्या आत बुडाशी जांभळट डाग असतो हे कधी माहीत नव्हतं. शंकू खरंच चकाकतो, जिभेनं ओला केल्यासारखा. आणि वास येतो, पिकल्या फळाचा, अगदी पुसट. आता लांबून कळतं कुठलं तयार आहे. सकाळी साडेसहाला लेक डबी धरून उभी असते, ती मोजते आणि मी लावलेल्या फुलाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधते. आतापर्यंत ४४ झाली.

शेळगीचापेरू · १९ जून, सकाळी ११.००

धागा बांधायची आयडिया भारी. आणि ताई, युरियाचं मी सांगितलं होतं ते माघारी घेतो. माझ्या पेरूचा अनुभव होता, सीताफळाला तो लागू नाही हे आता कळलं.

जुळेसोलापूरकर · ४ जुलै, दुपारी ३.२५

लाल धाग्यावाली २७ टिकलीत. हरभऱ्याएवढी झालीत, काही वाटाण्याएवढी. धागा नसलेल्या फुलांतून फक्त दोन. दोन! म्हणजे एवढी वर्षं झाड वांझ नव्हतं, त्याला कुणी भेटतच नव्हतं.

कडकभाकरी · ४ जुलै, सायंकाळी ५.५०

पोरी, वाचून फार बरं वाटलं. तुझे सासरे असते तर त्यांनी अख्ख्या गल्लीला बोलावलं असतं. मीही उद्यापासून माझ्या झाडाला करून बघतो, डोळ्यांना दिसेल तेवढं.

जुळेसोलापूरकर · २० ऑगस्ट, रात्री ८.००

मदत हवी. फळं लिंबाएवढी झालीत आणि त्यांच्यावर पांढरा कापूस आलाय, दोन फळांच्या मध्ये जिथं ती चिकटतात तिथं जास्त. मुंग्या पण भरपूर.

माळरान · २० ऑगस्ट, रात्री ८.२०

पिठ्या ढेकूण. सीताफळाचा सगळ्यात मोठा शत्रू. घाबरू नका, अजून वेळ आहे. मुंग्यांचा आधी बंदोबस्त करा, कारण ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याला राखतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही. भिंतीला किंवा दोरीला टेकलेली फांदी सोडवा, नाहीतर मुंग्या तिकडून पूल करतात.

मग जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फळं हातानं पुसा. एका झाडाला हे सगळ्यात चांगलं. त्यावर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. दमट हवा आहे तर व्हर्टिसिलियमची पावडर पण चालेल, ती बुरशी ढेकणालाच धरते, कृषी सेवा केंद्रात मिळते. ती निंबोळी तेलासोबत एकत्र मारू नका, आठ दिवसांचं अंतर ठेवा.

निंबोळी · २० ऑगस्ट, रात्री ९.१०

पुसताना एक बघा हं. ढेकणांमध्ये एखादी मोठी, जास्त झिपरी, पांढरी आणि भराभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असते, दिसायला अगदी ढेकणासारखी. ढेकूण सुस्त, ती चपळ, हीच खूण.

जुळेसोलापूरकर · २१ ऑगस्ट, सकाळी १०.३०

होती! तीन दिसल्या. काल दोन मारल्या असतील बहुतेक, वाईट वाटतंय. ग्रीस लावलंय, सकाळी पट्टीखाली मुंग्यांची ही गर्दी, वर एक नाही.

पूर्वभाग · २२ सप्टेंबर, रात्री ९.००

अक्का आता पिशव्या बांधायला लागा. आमच्याकडं खारी आणि रात्रीची वटवाघळं, पिकायच्या आधीच एक बाजू खाऊन जातेत. जुन्या मलमलच्या साडीच्या शिवा, फळमाशी पण डंख मारत नाही.

जुळेसोलापूरकर · २६ ऑक्टोबर, रात्री ९.४०

काढायचं कधी ते नक्की सांगा कुणीतरी. रोज दाबून बघते. एक कच्चंच तोडलं गेलं, चार दिवस झाले तरी दगड.

माळरान · २६ ऑक्टोबर, रात्री १०.००

दाबू नका, काळं पडतं. डोळे बघा. कच्च्या फळाचे डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. तयार झालं की डोळे फुगून लांब होतात आणि दोन डोळ्यांमधली फट पिवळसर पांढरी दिसायला लागते. ती फट दिसली की देठाला बोटभर काडी ठेवून कात्रीनं कापायचं, तांदळाच्या डब्यात किंवा गवतात ठेवलं की तीन-चार दिवसांत मऊ. कच्चं फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, साल काळी पडते आणि नंतर पिकतच नाही.

गोल्डन जातीचं वेगळं असतं, ते झाडावर जास्त दिवस थांबतं. आमच्याच तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडपद्धतीनं तयार केलेली एनएमके-१ म्हणजे तीच, बिया कमी, गर जास्त. तुमचं बियांचं गावठी आहे, त्याला रोज बघावं लागणार. पण गावठीचा वास कशालाच नाही हे मी गोल्डन लावून सांगतोय.

गच्चीतलीबाग · २७ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

माझ्या ड्रममधल्या रोपाला पावसात धुतल्यापासून नवी पानं स्वच्छ आलीत, कडा करपत नाहीत. यंदा सहा फुलं आली होती, लावून बघितली, एक धरलंय. निंबोळी ताई, ठेवू का काढू?

निंबोळी · २७ ऑक्टोबर, सकाळी ९.००

दोन वर्षांचं रोप आहे, एक ठेवा. मनाला बरं वाटेल.

जुळेसोलापूरकर · २ नोव्हेंबर, रात्री ८.५५

आज पहिलं फोडलं. हातात घेऊन नुसतं दाबलं तर उघडलं. एका बाजूनं थोडं चपटं होतं, तिथं माझा ब्रश पोचला नसणार. गर पांढरा, वाळूसारखा दाणेदार, आणि एवढं गोड की लेक म्हणाली साखर घातलीस का. पहिली फोड देवापुढं ठेवली, दुसरी सासऱ्यांच्या फोटोपुढं. सासूबाईंनी बिया एकेक करून धुतल्या आणि कागदात बांधून ठेवल्या.

एकूण २२ फळं उतरतील. दहा काढलीत, बाकीची पिशवीत आहेत. काळं पडलेलं एकच, ते जाळलं.

शेजारच्या काकूंना दोन दिली. त्यांनी विचारलं कुठनं आणली.

बासुंदी करायचीय. दुधात घालून आटवू का?

कडकभाकरी · २ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आटवू नको, कडू होते. दूध आधी आटवून पूर्ण गार कर, मग गर घाल, चुलीवर परत चढवायचं नाही. आणि त्या बिया लहान मुलांपासून लांब ठेवा हं, कुटलेली बी डोळ्यात गेली तर डोळ्याला फार वाईट. पूर्वी उवांसाठी वापरायचे, त्यात कितीतरी जणांच्या डोळ्यांना इजा झाली.

माझ्या झाडाला नऊ लागलीत. चष्मा लावून केलं सगळं.

जुळेसोलापूरकर · २ नोव्हेंबर, रात्री ९.२५

बियांचं आत्ताच सासूबाईंना सांगितलं, डबी वरच्या फळीवर गेली. त्यांना पावसाळ्यात रोपं करायचीत. काका, नऊ! फोटो टाका ना.

आणि माळरान दादा, गड्डा झाला की पाणी तोडायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. यंदा पिवळी पानं बघून घाबरणार नाही.